हत्ती-सील परत आले त्याची गोष्ट

कमाटीबागेतले संग्रहालय पाहिले नाही असा वडोदऱ्याचा मराठी माणूस विरळा. तिथला देवमाशाचा सांगाडा आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत, बरगड्या मोजत मोजत पाहिलेला आहे. १९४४ साली महीच्या मुखाशी समुद्रानेच तो आणून टाकला. कोणी मुद्दाम मारून आणलेला नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे एका संग्रहालयासाठी मारलेल्या प्राण्यांची हकीकत यायची आहे.

स्मरणिकेसाठी दरवर्षी आमच्याकडे एखादा ऐतिहासिक लेख मागितला जातो आणि आम्ही पेशवाई किंवा गायकवाडी यांच्या बाहेर सहसा जात नाही. यंदा जरा लांब जायचे ठरवले. निमित्त असे की दोन वर्षांपूर्वी साठलेली रजा घेऊन आम्ही उभयता कॅलिफोर्नियात आमच्या मेव्हण्यांकडे गेलो होतो. जानेवारीचा महिना. सॅन फ्रान्सिस्कोपासून दक्षिणेला नव्वदेक किलोमीटरवर आन्यो नुएव्हो नावाचा सरकारी राखीव किनारा आहे, तिथे त्यांनी आम्हाला नेले. या किनाऱ्यावर १५ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात एकट्याने जाता येत नाही. आधी नोंदणी करायची, ठरल्या वेळी हजर व्हायचे आणि वीसेक जणांच्या तुकडीतून एका स्वयंसेवकाच्या मागोमाग जायचे. जाऊन-येऊन पाच किलोमीटर, अडीच तास. खाण्याचे काही न्यायचे नाही, आणि पाऊस भुरभुरत होता तरी छत्री उघडायची नाही. छत्रीला प्राणी बिचकतात म्हणे. आमच्या सौभाग्यवतींनी हातातली छत्री मोठ्या नाराजीने गाडीत ठेवली.

आमच्या तुकडीला वाट दाखवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. वाळूचे डोंगर चढून गेल्यावर त्यांनी हात वर केला, सगळे थांबले, आणि समोर, आम्हाला आधी ओंडके वाटले ते ओंडके एकेक करून श्वास घेऊ लागले. नर चार-पाच मीटर लांब, वजन दोन टनांपर्यंत आणि कधी त्याहून जास्त. नाकाच्या जागी लोंबती सोंड. त्या सोंडेतून तो जो आवाज काढतो तो जुन्या बुलेटच्या इंजिनासारखा, थांबून थांबून येणारा. गणेशोत्सवाच्या अंकात सोंडवाल्या प्राण्याला जागा मिळायला हरकत नसावी, असे आम्हाला तेव्हाच वाटून गेले.

आन्यो नुएव्हो म्हणजे नवे वर्ष. स्पॅनिश दर्यावर्दी सेबास्तियन विस्काईनो याच्या मोहिमेला ३ जानेवारी १६०३ रोजी हे भूशिर दिसले, म्हणून हे नाव. किनाऱ्यावर तेव्हा किरोस्ते नावाचे आदिवासी लोक राहत होते. त्यांच्या वस्तीत १७६९ साली पोर्तोलाची तुकडी येऊन गेली. पुढे त्या लोकांचे काय झाले ते जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर झाले तेच, आणि तो वेगळा लेख आहे.

हत्ती-सीलची गोष्ट बिघडली एकोणिसाव्या शतकात. देवमासे मारणाऱ्या जहाजांना त्यांच्या चरबीचे तेल हवे होते. दिव्यात जळणारे, यंत्रांना लावायचे उत्तम तेल. चार्ल्स स्कॅमन हा स्वतः देवमाशांची शिकार करणारा कप्तान, त्याने १८७४ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या सागरी सस्तन प्राण्यांवर पुस्तक लिहिले. सांता बार्बरा बेटावर मारलेल्या एका १८ फुटी नरापासून २१० गॅलन तेल निघाल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे जवळजवळ ८०० लिटर. शिकारीची रीत साधी होती. हा प्राणी पाण्यात चपळ असला तरी जमिनीवर पोट घासत चालतो. शिकारी समुद्राची बाजू अडवून उभे राहत आणि सोटे, भाले, बंदुका घेऊन कळपाला वाळूतच संपवत. माणूस येताना पाहून पळावे ही बुद्धी त्या प्राण्याला नाही, कारण तशी गरज त्याला कधी पडली नव्हती. १८८०च्या सुमारास हा प्राणी संपला असेच सगळे धरून चालले होते.

१८९२ साल. आपल्या कमाटीबागेत संग्रहालयाची इमारत तेव्हा उभी राहत होती. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयासाठी नमुने गोळा करणारी मोहीम मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर उतरली. चार्ल्स टाउनसेंड हे तिचे प्रमुख. तिथल्या एका किनाऱ्यावर त्यांना आठ-नऊ हत्ती-सील दिसले. जगात बहुधा एवढेच उरले आहेत हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी त्यातले सात मारले.

आम्ही हे बाईंच्या तोंडून ऐकले तेव्हा तुकडीतले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, हे कसले शास्त्रज्ञ! पण त्या मंडळींचा हिशेब निराळा होता. तेलवाले आज ना उद्या शेवटचाही मारणारच, मग अमेरिकेतल्या संग्रहालयांत निदान कातडी आणि हाडे तरी राहावीत. आम्ही सरकारी नोकर. अशा तर्काने लिहिलेली टिपणे आम्ही फाइलींतून वाचलेली आहेत. प्रत्येक ओळ बरोबर असते, सहीही अधिकाराने केलेली असते, आणि शेवटी होते ते भलतेच. त्या लोकांना दुष्ट म्हणून मोकळे होणे आम्हाला जमत नाही.

हत्ती-सील वाचले ते त्यांच्या एका सवयीमुळे. वर्षाचे आठ-दहा महिने ते समुद्रात असतात. नर अलास्काच्या दिशेने जातात, माद्या उत्तर पॅसिफिकच्या मध्यावर पसरतात. अर्धा अर्धा तास श्वास रोखून, पाचशे-सहाशे मीटर खोल बुड्या मारत असतात. किनाऱ्यावर येतात ते वर्षातून दोनदा, एकदा वीण म्हणून आणि एकदा जुनी कातडी टाकायला. म्हणजे टाउनसेंडच्या मोजणीत वाळूवरचे तेवढे आले, पाण्यातले आलेच नाहीत. किती होते? वीस-तीस असावेत, फार तर शंभर, असे अभ्यासक मानतात. १९२२ साली मेक्सिकोच्या सरकारने ग्वादालुपे बेट राखीव केले आणि शिकार बंद झाली. पुढे हे प्राणी कॅलिफोर्नियाच्या हद्दीत दिसू लागले तेव्हा अमेरिकेनेही संरक्षण दिले.

आता आन्यो नुएव्होकडे परत येऊ. भूशिरासमोर एक लहानसे बेट आहे. या भागात जहाजे खडकांवर आपटून फुटत, म्हणून १८७२ साली त्या बेटावर धुक्यात वाजणारा भोंगा बसवला, पुढे दिवाही आला, रखवालदारांचे घर झाले. १९४८ साली ते ठाणे बंद करून माणसे निघून गेली. आणि सात वर्षांनी, १९५५ साली, बेटाच्या वाळूवर पहिले हत्ती-सील दिसले. १९६१ साली तिथे पहिली पिल्ले जन्मली. बेटावर दाटी झाली तसे १९६५पासून तरणे नर मुख्य किनाऱ्यावर येऊन पडू लागले आणि १९७५ साली मुख्य किनाऱ्यावर पहिले पिल्लू जन्माला आले.

बेट सोडून मुख्य भूमीवर येणे ही साधी गोष्ट नव्हे. पूर्वी या किनाऱ्यांवर अस्वले फिरत, शिकारी आदिवासी असत, त्यामुळे हे प्राणी बेटांवरच राहत, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. कॅलिफोर्नियातले शेवटचे ग्रिझली अस्वल १९२०च्या दशकात संपले. म्हणजे एका प्राण्याला जागा मिळाली ती दुसरा गेला म्हणून. हेही त्या बाईंनी लपवले नाही.

जमिनीवर आले आणि माणसांच्या तावडीत सापडले. या वेळी भाले नव्हते, कॅमेरे होते. लोक मोटारी लावून सरळ वाळूत उतरत, फोटोसाठी अंगाला अंग लागेल इतके जवळ जात. यात काय बिघडते, असे वाटेल. बिघडते ते असे. मादी पिल्लाला जेमतेम चार आठवडे पाजते. तिच्या दुधात निम्म्याहून अधिक चरबी असते. जन्मताना पस्तीसेक किलोचे पिल्लू महिन्यात सव्वाशे किलोच्या घरात जाते. या काळात आई एक घासही खात नाही, स्वतःच्या अंगावरचे मांस दुधात उतरवते. मग ती समुद्रात निघून जाते, परत येत नाही. पिल्लू दोन महिने उपाशी, एकटे, उथळ पाण्यात पोहायला शिकत राहते. त्या चार आठवड्यांत माणसांच्या घोळक्याने माय-लेकरांची ताटातूट झाली, किंवा बिथरलेला दोन टनांचा नर पिल्लावरून गेला, तर दुसरी संधी नसते.

१९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांचा संरक्षण कायदा झाला होता. पण कायद्याचा कागद वाळूवर उभा राहत नाही, तिथे माणूस लागतो. दोन सोपे मार्ग होते, एक तर भिंत घालून किनारा बंद करणे, नाही तर नुसती पाटी लावून मोकळे होणे. आम्ही स्थापत्यातला डिप्लोमा करून खात्यात लागलो. आमच्या हाती हे काम आले असते तर आम्ही काँक्रीटच्या कुंपणाचे अंदाजपत्रक पहिल्याच आठवड्यात करून दिले असते. तिथल्यांनी तिसरेच केले. सांताक्रूझच्या विद्यापीठात बर्नी ल बफ आणि त्यांचे विद्यार्थी या प्राण्यांचा अभ्यास करत होते. सत्तरच्या दशकात विद्यार्थी आणि गावकरी यांनाच शिकवून तयार केले आणि लोकांना लहान तुकड्यांनी, ठरल्या वाटेने न्यायला सुरुवात झाली. प्राण्यापासून २५ फूट, हा नियम. मध्ये भिंत नाही. कुठे खुंट आणि दोरी, कुठे तेवढेही नाही. आम्हाला नवल वाटले ते त्याचे. बाईंनी हात वर केला की वीस माणसे थांबत होती. आपल्या मांडवात विसर्जनाच्या दिवशी दोरी धरणाऱ्या पोरांना हे ऐकून हेवा वाटेल.

आज उत्तरेकडच्या हत्ती-सीलची संख्या दीड लाखाच्या वर आहे. पण या आकड्यात एक खोट आहे. १९७४ साली बॉनेल आणि सेलँडर या दोन संशोधकांनी दीडशेहून अधिक पिल्लांचे रक्त तपासले आणि त्यातली चोवीस जनुके पाहिली. सगळ्यांची सारखी, एकाचाही फरक नाही. सगळी त्या ग्वादालुपेच्या मूठभरांची संतती. आपल्या गिरच्या सिंहांचे असेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी थोडेसे उरले होते, जुनागढच्या नवाबांनी शिकार रोखली आणि २०२५च्या गणनेत ८९१ झाले. पण २०१८ साली एका रोगाच्या साथीने वीसहून जास्त सिंह काही दिवसांत गेले तेव्हा गांधीनगरपासून सासणपर्यंत सर्वांची झोप उडाली होती. हत्ती-सीलची दुसरी जात दक्षिण गोलार्धात आहे. २०२३ साली अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूने त्या जातीची सतरा हजारांवर पिल्ले एका हंगामात मेली. वाचलेले म्हणजे सुटलेले नव्हेत.

परतीच्या वाटेवर आमची तुकडी अडली. आम्ही ज्या पायवाटेने आलो होतो तिच्या कडेला एक मादी येऊन पडली होती आणि तिच्याजवळ काळेभोर, सुरकुतलेले, नुकते जन्मलेले पिल्लू होते. वर सीगल पक्षी गोंगाट करत होते. बाईंनी वॉकी-टॉकीवर काहीतरी सांगितले. थोड्या वेळाने गणवेशातला एक कर्मचारी आला, त्याने चार खुंट उपटले, दहा-बारा पावले मागे नेऊन पुन्हा ठोकले, दोरी बांधली आणि वाट वळवली. कोणाची मंजुरी मागितली नाही. आम्ही भिजलेल्या कपड्यांनी त्या नव्या वाटेने, वाळूत पाय रुतवत निघालो. डावीकडे बेटावर रखवालदारांचे जुने घर दिसत होते, खिडक्या नसलेले. त्यात आता सी-लायन राहतात.