पाण्यात पोहणारं सगळंच मासा नसतं

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. पण मागच्या वर्षी विज्ञानाचे सर रजेवर होते आणि दहावीच्या वर्गावर बदली तासाला मला जावं लागलं. प्राण्यांचं वर्गीकरण चालू होतं. मत्स्य, उभयचर, सरीसृप हे तीन शब्द फळ्यावर लिहिले आणि त्यांचे अर्थ उलगडून सांगितले. सरीसृप म्हणजे सरपटत जाणारे. उभयचर म्हणजे पाणी आणि जमीन दोन्हीकडे वावरणारे. उर्दूत त्यांनाच 'जल-थलिए' म्हणतात. मुलांना गंमत वाटली.

तास संपता संपता एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, या इतिहासात ॲरिस्टॉटल आहे, लिनियस आहे. मधल्या दोन हजार वर्षांत कुणीच काही केलं नाही का? आपल्यातल्या कुणी?"

मी उत्तर दिलं नाही. "शोधून सांगतो," म्हणालो. त्याच रात्री मोबाईलवर एक संदेश फिरत आला: डार्विनचा सगळा सिद्धांत मुळात अल-जाहिझचा, युरोपने तो चोरला. एकीकडे 'आपलं काहीच नाही' आणि दुसरीकडे 'सगळं आपलंच'. त्या मुलीला या दोन्हींपैकी एकही उत्तर देण्याची माझी इच्छा नव्हती. म्हणून वाचायला बसलो. त्यातून हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासूनच करावी लागते. त्याने प्राण्यांचे रक्त असलेले आणि रक्त नसलेले असे दोन भाग केले. रक्त असलेल्यांमध्ये अंडी घालणाऱ्या चतुष्पादांचा एक गट होता. त्यात सरडा आणि बेडूक शेजारी बसले. डॉल्फिन पिलाला दूध पाजतो आणि हवेत श्वास घेतो, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याला त्याने माशांपासून वेगळं ठेवलं. आणि हाच माणूस, वामसदृश मासे चिखलातून आपोआप उपजतात, असंही मानत होता. मोठा माणूससुद्धा चुकतो, हे इथेच लक्षात ठेवू.

त्याचे प्राणिविषयक ग्रंथ नवव्या शतकापर्यंत अरबीत आले. बसऱ्याच्या अल-जाहिझने ते वाचले होते. त्याचा 'किताबुल हयवान' हा ग्रंथ सात खंडांचा. त्यात प्राणी आहेत, तशा कविता, किस्से, वादविवाद आणि विनोदही आहेत. जाहिझ हा मुळात अदीब, साहित्यिक. त्याने प्राण्यांची विभागणी केली ती चालीवरून: चालणारे, उडणारे, पोहणारे आणि सरपटणारे. पण लगेच त्याने इशाराही दिला, की पाण्यात पोहणारा प्रत्येक जीव मासा नसतो. कासव, बेडूक, मगर, डॉल्फिन हेही पाण्यातच असतात, म्हणून ते मासे होत नाहीत. ऐकीव गोष्टींवर तो शंका घेतो, ॲरिस्टॉटललाही प्रश्न विचारतो. आता हे डार्विनचं काम आहे का? नाही. डार्विनला हजार वर्षं मागे ओढून नेण्याने जाहिझ मोठा होत नाही. तो आहे तेवढाच पुरेसा मोठा आहे.

त्यानंतर पाचेकशे वर्षांनी इजिप्तमध्ये अद-दमीरी झाला. तो शाफई पंथाचा फकीह. त्याचा 'हयातुल हयवान' म्हणजे प्राण्यांचा अकारविल्हे कोशच. प्रत्येक नोंदीत प्राण्याचं नाव, स्वभाव, त्याविषयीच्या हदीस, तो खाणं हलाल की हराम, म्हणी, औषधी गुण, एवढंच नाही तर तो स्वप्नात दिसला तर काय अर्थ, हेही. त्यात ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत. पण मासा जिबह न करता चालतो आणि बेडूक का चालत नाही, हे ठरवायलाही मासा कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं. वर्गीकरण हा तेव्हा रोजच्या जेवणाचा प्रश्न होता.

आता 'शीतरक्ती' या शब्दाकडे येतो. यूनानी वैद्यकात माशाचा मिजाज 'सर्द-तर' सांगितला जातो. पण तो थंडपणा थर्मामीटरवरचा नव्हे. १७७०च्या दशकात लंडनच्या जॉन हंटर या शल्यवैद्याने बेडूक, साप, मासे यांच्या शरीराचं तापमान प्रत्यक्ष मोजलं. भोवतालचं तापमान बदललं की त्यांचंही बदलतं, असं त्याला दिसलं. म्हणजे रक्त कायम थंड असतं असं नाही. उन्हात पडून राहिलेल्या सरड्याचं अंग आपल्यापेक्षाही गरम होऊ शकतं. शरीर ऊबदार ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून साप एका भक्ष्यावर कित्येक दिवस काढतो. 'असमतापी' हा शब्द जास्त बरोबर आहे, तो यामुळे.

यात हृदयाचाही भाग आहे. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं. बेडकाचं तीन कप्प्यांचं. त्याच्या जवनिकेत पडदाच नाही, त्यामुळे शुद्ध-अशुद्ध रक्त काही प्रमाणात मिसळतं. साप-सरड्यात तो पडदा अर्धवट असतो आणि मगरीत पूर्ण. ग्रीक वैद्य गॅलेन म्हणत असे, की माणसाच्या हृदयातल्या या पडद्याला बारीक छिद्रं आहेत आणि त्यातून रक्त पलीकडे जातं. शतकानुशतकं सगळ्यांनी ते मानलं. १२४२मध्ये इब्न अन-नफीसने इब्न सीनाच्या 'कानून'मधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिताना ते साफ नाकारलं: पडद्यात छिद्र नाही, रक्त फुप्फुसांतूनच फिरून येतं. हे भाष्य विस्मरणात गेलं होतं. १९२४मध्ये मुहियुद्दीन अत-ततावी या इजिप्शियन डॉक्टरला ते बर्लिनच्या हस्तलिखितांत सापडलं.

आपल्या देशात याचा धागा बाबराकडे जातो. 'बाबरनामा'त हिंदुस्तानच्या जलचरांवर खास मजकूर आहे. मगर आणि घडियाल यांत तो फरक करतो. इथले बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावर सहा-सात गज पळत जातात, याचं त्याला नवल वाटलं. असा बेडूक आपल्या विहिरी-तळ्यांत आजही आहे. बाबराने पाहिला तो बहुधा हाच. १७९९मध्ये श्नायडर या जर्मन विद्वानाने त्याला शास्त्रीय नाव दिलं. नदीतल्या डॉल्फिनचं वर्णन मात्र बाबराने मगरींच्या पाठोपाठ करून टाकलं आहे. तो पाण्याबाहेर येत नाही, माशासारखा दिसतो, एवढंच त्याने पाहिलं.

लिनियसने १७५८मध्ये काय केलं? देवमासा आणि डॉल्फिन सस्तन वर्गात नेले, हे मोठं काम. पण बेडूक, साप, कासव यांना एकाच 'उभयचर' वर्गात घातलं, वर शार्क आणि पाकटही त्यातच टाकले. हे सारे प्राणी त्याला ओंगळ वाटत, तसं त्याने लिहूनही ठेवलं आहे. बेडकाची ओली त्वचा, कवच नसलेली अंडी, कल्ल्यांनी श्वास घेणारी पिलं. सरपटणाऱ्यांचे कोरडे खवले आणि कवचाची अंडी. हा फरक धरून लात्रेयने १८२५मध्ये दोघांचे वेगळे वर्ग केले, तेव्हा आजच्या पुस्तकातली तीन नावं वेगळी झाली.

आणि एक शेवटची नोंद. मुंबई सरकारच्या नोकरीतल्या कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांवर लिहिलं आणि १८३९मध्ये शास्त्रीय नावं दिली ती नदीकाठच्या लोकांच्या तोंडची. पुण्याच्या मुळा-मुठेतला महसीर शास्त्रात 'टॉर खुद्री' झाला आणि आपली शिंगटी 'मिस्टस सींगटी'. नाव सांगणाऱ्या माणसांची नावं मात्र कुठे नाहीत.

पुढच्या बदली तासाला मी त्या मुलीला एवढंच सांगितलं. या इतिहासात बसऱ्याचा माणूस आहे, कैरोचा आहे, लंडनचा आहे आणि मुळा-मुठेच्या काठचाही. प्रत्येकाने आधीच्याची एखादी चूक दुरुस्त केली आणि स्वतःची एखादी मागे ठेवली. 'आपल्यातलं कोण' हे मोजत बसण्यापेक्षा आज कोणती चूक शिल्लक आहे ते पाहिलेलं बरं.

तिने वहीत जाहिझचं नाव लिहिलं. मग विचारलं, "सर, मग पालीचं हृदय किती कप्प्यांचं?"

"तीन," मी म्हणालो. "पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. विज्ञानाचे सर आले की विचार."