धाव, चाकोरी आणि चार टायर

मंडळी, यावेळचा लेख जरा लांबला आहे. चहा घेऊन बसा.

त्याचं झालं असं, की आम्हा चार मित्रांनी मिळून एक जुनी जिप्सी घेतली. पुणे, परतूर (म्हणजे आमचं घर, फुकटचा मुक्काम!), मग राजस्थानातून जैसलमेरची वाळू आणि तिथून वर लेह-खारदुंगला, असा बेत आहे. कामं वाटली तेव्हा माझ्या वाट्याला टायर आले. "तू इंजिनियर आहेस ना, तू ठरव." बाकीचे तिघंही इंजिनियरच आहेत, पण असो.

मग काय, आयटीवाला माणूस दुसरं काय करणार? एक्सेलची शीट काढली. रुंदी, उंची, वजन, किंमत, असे चौदा कॉलम केले. एका मित्राचा हट्ट, की मोठ्या दातांचे चिखलाचे टायरच घ्यायचे, "फोटोत गाडी भारी दिसते". दुसरा म्हणे कंपनीचे आहेत तेच बरे. दोन आठवडे भांडण चाललं. शेवटी दिवाळीला परतूरला गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसलो होतो. आबा (आमचे आजोबा) शेजारी येऊन टेकले.

"काय करायलास रे एवढं?"

सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "माती कोणती हाय तिकडं?"

माझ्या चौदा कॉलममध्ये मातीचा कॉलम नव्हता.

तिथून जे डोक्यात शिरलं ते शोधत गेलो, आणि हा लेख झाला.

सुरुवात आबांच्या बैलगाडीपासून. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला आपल्याकडे धाव म्हणतात. टायरला मराठी शब्द नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हा लक्षात ठेवावा. धाव बसवणं हा एक सोहळाच असायचा. सुतार चाक करायचा, लोहार त्या चाकापेक्षा किंचित लहान मापाचं लोखंडी कडं करायचा. गोवऱ्यांच्या आरात ते लाल होईपर्यंत तापवायचं, तापलं की ते फुगतं, मग सांडशीनं उचलून चाकावर चढवायचं आणि वरून बदाबदा पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की लाकडाचे सगळे सांधे करकचून आवळले जातात. ना खिळा, ना बोल्ट. आम्ही कॉलेजात 'श्रिंक फिट' नावानं हेच शिकलो आणि परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं.

पण या धावेची एक खोड आहे. लोखंड दबत नाही. ढोबळ हिशोब करू. गाडी मालासकट एक टन धरा, म्हणजे एका चाकावर ५०० किलो. धाव ५ सेंमी रुंद, आणि कडक रस्त्यावर तिचा जेमतेम २ सेंमी भाग टेकतो असं धरलं तर १० चौरस सेंमीवर ५०० किलो. दर चौरस सेंमीला ५० किलो, म्हणजे टायरवाल्यांच्या भाषेत ७०० पीएसआयच्या आसपास! कारच्या टायरमध्ये आपण ३० ठेवतो. रस्त्याची काय अवस्था होत असेल? खडीच्या रस्त्यांची ती चाळण करायची आणि कच्च्या रस्त्यात खोल चर पाडायची. त्या चरालाच चाकोरी म्हणतात. एकदा गाडी चाकोरीत पडली की बैल झोपले तरी चालेल, गाडी बाहेर जात नाही. आपण 'चाकोरीबाहेरचा विचार' म्हणतो ना, तो शब्द इथून आला. आता विचार करा, 'ऑफ-रोड' या शब्दाचं याहून चांगलं मराठी कोणतं? चाकोरीबाहेर!

ही गाडी आपल्याकडे किती जुनी? नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथं १९७४ साली ब्राँझच्या वस्तू सापडल्या, त्यात दोन बैल जुंपलेला एक रथ आहे आणि तो हाकणारा माणूस उभा आहे. त्याच्या नेमक्या काळाबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, पण मोजणी हजारो वर्षांत होते एवढं नक्की. म्हणजे चाक इथं फार जुनं. रबर मात्र कालपरवाचं.

परतूर तेव्हा निजामाच्या राज्यात. १९०० च्या सुमाराला हैदराबाद-मनमाड मीटर गेज रेल्वे सुरू झाली आणि परतूरला स्टेशन मिळालं. पण रेल्वे आपल्या दारात थोडीच येते? कापूस, ज्वारी, तूर स्टेशनापर्यंत आणायची ती बैलगाडीनंच. १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं बस खातं काढलं, २७ बस आणि १६६ कर्मचारी. अख्ख्या हैदराबाद संस्थानासाठी एवढ्याच. त्यामुळे खेड्यापाड्यात धावेचंच राज्य पुढं कित्येक वर्षं राहिलं.

आता रबराकडे. आपण शाळेत शिकतो, की हवेचा टायर डनलॉपनं शोधला. १८८८, बेलफास्ट, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. हे खरं आहे, पण अर्धं. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा ना सायकल होती ना मोटार, त्यामुळे कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं. पुढं डनलॉपचं पेटंट याच कारणानं रद्द ठरलं. चांगला कोड, पण वीस-चाळीस वर्षं आधी लिहिलेला. आमच्या धंद्यात अशी उदाहरणं रोज दिसतात :)

आणि अजून एक गंमत. टायर नुसत्या रबराचा नसतो, नुसतं रबर फुग्यासारखं फुटेल. आत धाग्यांचे थर असतात, आणि हे धागे सुरुवातीची कित्येक दशकं कापसाचे होते! अमेरिकेत ॲरिझोनात 'गुडइयर' नावाचं गावच आहे, ते १९१७ मध्ये टायर कंपनीनं कापूस पिकवायला घेतलेल्या जमिनीवर वसलं. त्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. नंतर रेयॉन आला, मग नायलॉन, मग स्टील. परतूरच्या पंक्चरवाल्याकडे गेलात तर अजून विचारतो, "नायलॉन का रेडियल?" त्या एका प्रश्नात टायरचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. नायलॉनमध्ये धागे एकमेकांना तिरके छेद देतात, टायर जाडजूड आणि कडक. रेडियलमध्ये धागे चाकाच्या मध्यापासून बाहेर सरळ जातात, त्यामुळे बाजू लवचिक राहते आणि जमिनीवर टायर नीट पसरतो. मिशेलिननं तो १९४६ मध्ये काढला.

आता लांबच्या मोहिमा. आपल्या मुंबईचं उदाहरण आधी. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं १८ मार्च १९२८ ला परत आले, सुमारे ७१,००० किलोमीटर करून. बलुचिस्तान, इराण, इराक, बगदादहून अलेप्पोकडे वाळवंट. सायकलचा टायर हा अंगठ्याएवढा रुंद. वाळूत तो रुतणारच, मग उतरून ढकलायचं. त्यांचा खरा टायर म्हणजे त्यांचे पाय.

दुसरी मोहीम सिट्रोएन कंपनीची. १९३१ मध्ये बैरूतहून पेकिंगला निघाली. पैसा भरपूर, तयारी जबरदस्त. मागच्या चाकांऐवजी रबराचे पट्टे बसवलेले, रणगाड्यासारखे. श्रीनगरहून गिलगिटकडे जाताना वाट इतकी अरुंद आणि ढासळलेली, की गाड्या सुट्या करून हमालांच्या पाठीवरून न्याव्या लागल्या. जगातलं सर्वात चांगलं चाक, आणि ते माणसांच्या पाठीवर! गिलगिटला पोचलेल्या गाड्या दोन.

तिसरा माणूस माझा आवडता, राल्फ बॅगनॉल्ड. ब्रिटिश सैन्यातला इंजिनियर. १९२०-३० च्या दशकांत सुट्टी काढून, पदरचे पैसे घालून तो लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन हिंडायचा. (वीकेंडचे उद्योग म्हणतात ते हेच.) त्याला कळलं, की मऊ वाळूत नवीन टायर लागत नाही, आहे त्याचीच हवा कमी करायची. टायर पसरतो, दाब वाटला जातो, गाडी वर तरंगते. नंतर त्यानं वाळू वाऱ्यानं कशी सरकते यावर एक पुस्तकच लिहिलं, १९४१ मध्ये, आणि ते अजून वापरात आहे. १९४० मध्ये इजिप्तमध्ये त्यानंच लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. पुढं त्याच धर्तीवर इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन निघाली, त्यात १८ कॅव्हलरीचेही जवान होते. आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये आमच्या जालन्याला जे रणगाडे आले ते याच १८ कॅव्हलरीचे. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. जग लहान आहे राव!

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे मातीवर. परतूरची माती काळी, चिकट. उन्हाळ्यात भेगा अशा की पाय जाईल, आणि पावसात तीच पाणी पिऊन फुगते. ओल्या काळ्या मातीत गाडी घातली की चिखल टायरच्या खाचांत भरतो, खाचा गायब होतात आणि टायर साबणासारखा गुळगुळीत होतो. मी साताठ वर्षांचा असतानाची गोष्ट. श्रावणातली रात्र, आत्याला कळा सुरू झाल्या. गावातून परतूरला न्यायला वडापची जीप आणली. तिचे टायर पार टकले, खाचा नावालाही नाहीत. गाव सोडून अर्धा किलोमीटर गेलो आणि जीप आसापर्यंत रुतली. आत्या आत कण्हतेय, आजी देवाचं नाव घेतेय. ड्रायव्हरनं खाली उतरून काडेपेटीतली काडी काढली, व्हॉल्व्हमध्ये खुपसली आणि चारही टायरची हवा सोडली. आबांनी बैलजोडी आणून दोर बांधला. बैलांनी ओढलं, जीप निघाली, आणि तशाच अर्ध्या हवेवर बैलगाडीच्या वेगानं आम्ही परतूर गाठलं. वेळेत पोचलो. तेव्हा जन्मलेली मुलगी आज कॉलेजात आहे.

त्या ड्रायव्हरनं बॅगनॉल्डचं नाव ऐकलं असण्याची शक्यता शून्य. पण युक्ती तीच. आणि जीपला चांगले टायर असते तर ती युक्ती लागलीच नसती, हेही तितकंच खरं.

तर माझ्या शीटमध्ये मातीचा कॉलम आला आणि भांडण अर्ध्या तासात मिटलं. आमच्या वाटेवर नव्वद टक्के डांबर, थोडी वाळू, थोडा दगड. चिखल जवळजवळ नाहीच, कारण आम्ही पावसाळ्यात जाणार नाही. म्हणजे चिखलाचे मोठ्या दातांचे टायर बाद. ते डांबरावर गोंगाट करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतात. उंचीही फार वाढवायची नाही. जिप्सीचं मूळ माप २०५/७० आर १५, म्हणजे चाकाचा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ केलं तर ७०३ च्या वर, साधारण ५ टक्के मोठं, आणि तेवढाच स्पीडोमीटर कमी दाखवणार. शिवाय इंजिनावर भार. म्हणून मूळ मापाचेच, डांबर-कच्चा दोन्हीला चालणारे रेडियल. जे पैसे वाचले त्यात दोन स्टेपनी, हवेचा पंप आणि प्रेशर गेज. वाळूत १८ पर्यंत उतरवायची, बाहेर आलं की परत ३० भरायची. आमच्याकडे काडेपेटीसोबत पंपही असेल, एवढाच काय तो फरक.

उंचीचाही एक हिशोब केला. वर हवेचा दाब कमी, म्हणून गेज जास्त दाखवणार. पण थंडीनं आतली हवा आकसणार. पुण्यात ३५ अंशाला ३० भरली तर खारदुंगल्यावर शून्य अंशाला कागदावर ३१ च्या आसपास येते. दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग एवढं गणित कशाला केलं?" :)

पण खरी लांबची मोहीम आमची नाहीच, हे मला परतूर सोडताना कळलं. दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच प्रवरेच्या, जिच्या काठी दायमाबादचा तो रथ सापडला. मग कारखाने वाढत गेले, आणि ऊस तोडून वाहायला माणसं मराठवाड्यातून जाऊ लागली. तिथं बैलगाडीला धाव नसते, हवेचे टायर असतात. तिला म्हणतातच टायरगाडी. पाच-सहा महिने संसार पाचटाच्या खोपीत, पोरं बरोबर, शाळा मागे. पहाटे फडात, रात्री कारखान्याच्या रांगेत. टायर बदलला, गाडी हलकी चालायला लागली, म्हणून तिच्यात ऊस जास्त भरला जाऊ लागला. बैलाचा त्रास कमी व्हावा म्हणून गाडी सुधारा, असं बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी आयुष्यभर सांगत राहिले. चाक सुधारलं की वाचलेली ताकद कुणाच्या पदरात पडते, हा प्रश्न मात्र चाक सोडवत नाही.

स्टेशन रोडला अशीच एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. वर भांडी, गोधड्या, एक शेळी, आणि त्यावर बसलेली दोन लहान पोरं. सवयीनं माझी नजर आधी टायरकडे गेली. पार टकले. त्या जीपसारखे.

आमच्या नव्या टायरना अजून एकही खरचटा नाही. येत्या शनिवारी निघतोय. बाकी आल्यावर लिहीन.