कूस उजवण्याआधीचा इतिहास

मूल होत नाही म्हटलं की आपल्या मोहल्ल्यात पहिलं बोट सुनेकडे वळतं. सासू दर्ग्यावर मन्नत मागते, एखादी खाला मुलाच्या दुसऱ्या निकाहाचा विषय काढते. मुलाची तपासणी मात्र कुणाला सुचत नाही. म्हणून या उपचारांची हकिकत आम्हाला सांगावीशी वाटते.

बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी १९२७ च्या सुमारास गर्भवतीच्या लघवीत बीजांडकोशांना चेतवणारं द्रव्य असल्याचं दाखवलं. पुढे ज्यू म्हणून झोंडेकना जर्मनी सोडावी लागली.

पाळी थांबली की बीजांडकोश साद देईनासे होतात आणि मेंदूच्या तळाची पियूषिका ग्रंथी त्यांना हाका मारत राहते. ते हार्मोन लघवीतून वाहून जातं. रोमच्या सेरोनो कंपनीतल्या पिएरो डोनिनी यांनी १९४९ च्या सुमारास ते वेगळं काढलं. पण एवढी लघवी आणायची कुठून? तीही पाळी गेलेल्या, गर्भवती नसलेल्या स्त्रियांची! ब्रुनो लुनेनफेल्ड हे ज्यू डॉक्टर हा प्रश्न घेऊन रोमला गेले. पोप बारावे पायस यांचे पुतणे कंपनीच्या संचालक मंडळावर होते. त्यांच्या मदतीने मठांतल्या वृद्ध धर्मभगिनींकडून ती गोळा होऊ लागली. ज्यांनी स्वतः संसार केला नाही, त्यांच्या देण्यातून १९६२ मध्ये इस्राएलमधल्या एका स्त्रीला मुलगी झाली. यहुदी डॉक्टर, ख्रिस्ती जोगिणी! आम्हाला यात अल्लाची रहमत दिसते. कुणाला दुसरं काही दिसेल.

वाट निर्धोक नव्हती. स्वीडनच्या कार्ल गेमझेल यांनी १९५८ मध्ये मृतांच्या पियूषिकेतून हार्मोन काढून वापरलं होतं. पुढे याच प्रकारच्या औषधातून ऑस्ट्रेलियात चार स्त्रियांना मेंदूचा असाध्य रोग जडला आणि त्या दगावल्या. तिथला तो उपचार १९८५ मध्ये बंद झाला.

आपल्या देशात कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी हार्मोनच्या इंजेक्शनांनी बीजांडं वाढवून, गर्भ गोठवून ठेवून टेस्ट ट्यूब बालक जन्माला आणलं. तारीख ३ ऑक्टोबर १९७८. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, जपानला जाऊ दिलं नाही, वर नेत्रविभागात बदली केली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेली मुलगी देशातली पहिली मानली गेली. तिच्या जन्मामागच्या शास्त्रज्ञांपैकी एक, डॉ. टी. सी. आनंद कुमार. मुखर्जींची टिपणं हाती आल्यावर त्यांनी १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान आपणहून मुखर्जींना दिला. तोवर मुखर्जींना जाऊन सोळा वर्षं झाली होती.