लसीका ग्रंथींचे लसीकार्बुदसदृश सौम्य विकार

लसीका ग्रंथींची वाढ घडवून आणणारे, पण कर्करोगी नसणारे काही विकार शारीरिक तपासणीत व सूक्ष्मदर्शकाखालीही लसीकार्बुदासारखे (लसीका कोशिकांच्या मारक अर्बुदासारखे) दिसतात. मान, काख व जांघ येथील गाठी, ज्वर, रात्रीचा घाम आणि वजनातील घट ही लक्षणे दोन्हींत समान असू शकतात. सौम्य विकाराला लसीकार्बुद ठरविल्यास रुग्णाला तीव्र विषारी औषधे विनाकारण दिली जातात. लसीकार्बुदाला सौम्य मानल्यास उपचारास योग्य असा काळ वाया जातो. या विकारांच्या निदानाचा इतिहास म्हणजे या दोन्ही चुका टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार केलेला आहे. अपचीतील काही गाठी पिकून स्रवतात, काही नाहीशा होतात व नव्या उद्‌भवतात. अर्बुद मात्र स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असते, असा भेद तेथे सांगितला आहे. कालांतराने गाठीत काय बदल होतो, यावरून तिचे स्वरूप ओळखण्याची ही दृष्टी आजही उपयुक्त आहे.

लंडन येथील टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये ग्रंथी व प्लीहा वाढलेल्या ७ रुग्णांचे वर्णन केले. सॅम्युएल विल्क्स यांनी १८६५ मध्ये या रोगाला हॉजकिन यांचे नाव दिले. जतन केलेल्या ३ रुग्णांच्या ऊतकांची १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाने फेरतपासणी झाली, तेव्हा दोहोंतच हा रोग आढळला. कार्ल श्टेर्नबेर्क यांनी १८९८ मध्ये हा क्षयरोगाचाच एक प्रकार मानला होता. डॉरथी रीड यांनी १९०२ मध्ये तो क्षयरोगाहून भिन्न असल्याचे दाखविले.

महाराष्ट्रात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण गंडमाळ, म्हणजे मानेतील ग्रंथींचा क्षयरोग, येथे नेहमी आढळतो. मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा सांभाळणारे वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी भारतातील कर्करोगविषयक विकृतिविज्ञानाचा पाया घातला.

पुढे इतर सदृश विकारही ओळखले गेले. बेंजामिन कॅसलमन यांनी १९५४–५६ या काळात छातीतील ग्रंथींच्या स्थानिक वाढीचे वर्णन केले. अशी एकटी ग्रंथी पूर्णपणे काढल्यास रुग्ण बहुधा बरा होतो. फेनिटॉइनसारख्या अपस्मारावरील औषधांनीही लसीकार्बुदसदृश वाढ होते, हे १९५९ मध्ये निदर्शनास आले. जपानमध्ये १९७२ साली किकुची व फुजिमोतो यांनी स्वतंत्रपणे वर्णिलेला विकार मुख्यतः तरुण स्त्रियांत मानेतील गाठी व ज्वर या स्वरूपात आढळतो आणि सामान्यतः काही महिन्यांत आपोआप शमतो.

निदानासाठी सुईने काढलेला कोशिकांचा नमुना प्रथम तपासतात. परंतु त्यात ग्रंथीची अंतर्गत रचना दिसत नाही. म्हणून शंका राहिल्यास संपूर्ण ग्रंथी काढून जीवोतक परीक्षा करतात. क्षयरोगात आढळणारी कणार्बुदे हॉजकिन रोगातही असू शकतात. त्यामुळे केवळ त्यांवरून क्षयरोगाचे निदान निश्चित होत नाही. क्षयरोगाचे जंतू संवर्धनाने वा जनुकीय परीक्षेने शोधतात. कलर व मिलस्टाइन यांच्या १९७५ मधील शोधामुळे एकजिनसी प्रतिपिंडे उपलब्ध झाली. त्यांच्या व जनुकीय परीक्षांच्या साहाय्याने वाढलेल्या लसीका कोशिका अनेक मूळ कोशिकांपासून उद्‌भवल्या आहेत की एकाच कोशिकेची संतती आहेत, हे पाहता येते. पहिली स्थिती प्रतिक्रियात्मक वाढ सुचविते, तर दुसरी लसीकार्बुदाकडे निर्देश करते.

सौम्य निदानानंतरही रुग्णाची वेळोवेळी तपासणी आवश्यक असते. क्षयरोगावरील उपचार सहसा ६ महिने चालतात व त्या काळात गाठ तात्पुरती वाढूही शकते. म्हणून अशी वाढ हा उपचाराच्या अपयशाचा पुरावा नसतो. मात्र गाठी सतत वाढत राहिल्यास किंवा नव्या ठिकाणी उद्‌भवल्यास पुन्हा जीवोतक परीक्षा करावी लागते. औषधजन्य गाठी औषध बदलल्यावर ओसरतात. न ओसरल्यास निदानाचा फेरविचार करतात. किकुची विकाराच्या काही रुग्णांत पुढे ल्यूपस हा आत्मप्रतिरक्षाजन्य रोग उद्‌भवतो, म्हणून गाठी नाहीशा झाल्यावरही त्यांची पाहणी चालू ठेवतात.