श्याम बेनेगल यांच्या कलाकृतींतील भाषेचा प्रश्न

चित्रपट-दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा आढावा घेताना कथावस्तू, अभिनय व छायालेखन यांची चर्चा होते. पात्रांच्या तोंडच्या भाषेकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. श्याम बेनेगल (१९३४–२०२४) यांच्या बाबतीत हे दुर्लक्ष विशेष हानिकारक ठरेल. घरची भाषा कोंकणी, जन्म व बालपण हैदराबाद-सिकंदराबाद परिसरात, उपजीविका मुंबईच्या जाहिरातव्यवसायात आणि १९६२ चा पहिला अनुबोधपट गुजरातीत, असा हा बहुभाषिक पूर्वेतिहास आहे.

‘अंकुर’ (१९७४) हा त्यांचा पहिला कथापट. तेलंगणातील जमीनदारी हा त्याचा विषय. सत्यदेव दुबे यांनी लिहिलेल्या त्याच्या संवादांत त्या प्रदेशातील दक्खिनीला स्थान मिळाले. मराठी अभ्यासकास दक्खिनी परकी वाटू नये. तिच्यातील ‘नक्को’ हा निषेधवाचक शब्द आणि अवधारणार्थक ‘च’ ही मराठीच्या दीर्घ सहवासाची चिन्हे होत. त्यापूर्वी हिंदी चित्रपटात ही बोली प्रायः विनोदापुरतीच योजिली जाई. येथे ती दुःखाची व संतापाची भाषा झाली. ‘मंडी’ (१९८३) मध्येही तिचा वापर आढळतो.

तथापि या धोरणास मर्यादा होत्या. गुजरातेतील सुमारे पाच लाख दूधउत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून निर्माण झालेला ‘मंथन’ (१९७६) हा मूलतः हिंदी चित्रपट होता. ‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या मराठी आत्मकथनावर आधारलेला. तोही हिंदीतच झाला. वितरणाच्या सोयीसाठी अनुभवाची मूळ भाषा बाजूला सारावी लागली, हे नाकारता येत नाही.

दूरदर्शनसाठी केलेल्या ‘भारत एक खोज’ (१९८८) या ५३ भागांच्या मालिकेत हा प्रश्न अधिक बिकट झाला. जवाहरलाल नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना १९४४ मध्ये लिहिलेला मूळ ग्रंथ इंग्रजीत आहे. त्यातील राष्ट्राचा इतिहास साऱ्या देशाला एकाच वेळी सांगावयाचा, तर कोणत्या भाषेत? बेनेगल यांनी हिंदी स्वीकारली. परंतु तिचे एकच रूप स्वीकारले नाही. प्रारंभीचे नासदीय सूक्त वैदिक संस्कृतात व त्याच्या हिंदी रूपांतरात ऐकू येते. प्राचीन काळाच्या चित्रणात भाषा संस्कृतकडे झुकते, तर मोगलकाळाच्या चित्रणात उर्दूकडे.

ही योजना सोयीची असली, तरी निर्दोष नव्हे. ती कालभेद सूचित करते. प्रदेशभेद मात्र पुसट करते. शिवाजीमहाराज व त्यांचे सहकारी हिंदी बोलू लागले की मराठी प्रेक्षकास ही उणीव जाणवते. तेलंगणाच्या एका खेड्यापुरती कथा सांगताना जे स्थानिक वास्तव जपता आले, ते सबंध देशाची कथा सांगताना त्याच प्रमाणात जपता आले नाही.

याचा दोष एकट्या दिग्दर्शकाच्या माथी मारणे अन्याय्य होईल. राष्ट्रीय प्रक्षेपणास सर्वांना कळणारी भाषा हवी असते, आणि सर्वांना कळणारी भाषा क्वचितच कोणाची बोली असते. बेनेगल यांनी या पेचातून सुटका करून घेतली नाही. आपल्या माध्यमाच्या मर्यादेत त्यांनी तो निरनिराळ्या रीतींनी सोडवून पाहिला. म्हणून त्यांच्या कलाकृतींकडे केवळ चित्रपटाच्या इतिहासाची सामग्री म्हणून पाहणे अपुरे आहे. स्वातंत्र्योत्तर भारतातील बोली व प्रमाणभाषा यांच्या संबंधांचे साधन म्हणूनही त्यांचा अभ्यास व्हावयास हवा.