वरसईच्या भिक्षुकाची स्मृति

ठाण्याहून खाडी ओलांडून कोपर-डोंबिवलीच्या शिवारांतून जाणारा लोहमार्ग १८५४ सालीं कल्याणपर्यंत पोहोंचला. त्यानंतर सातच वर्षांनीं कल्याणांत चिंतामण विनायक वैद्यांचा जन्म झाला. महाभारताचे चिकित्सक आणि मध्ययुगीन भारताचे इतिहासकार म्हणून ते पुढें विख्यात झाले. पण ऐन बाविशींत त्यांनीं केलेलें एक काम आजही त्यांच्या थोर ग्रंथांहून अधिक आवडीनें वाचलें जातें. वैद्य घराण्याचे उपाध्याय, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, यांना त्यांनीं सत्तावनच्या धामधुमींतील आपली हकीकत लिहावयास लावली. तोंवर त्या गोष्टीला पंचवीस वर्षें लोटलीं होतीं.

विष्णुभट घराबाहेर पडले ते बंडासाठीं नव्हे, कर्जासाठीं. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथें दक्षिणा चांगली मिळेल, एवढ्या आशेवर चुलता-पुतणे उत्तरेस निघाले. महूच्या आसपास शिपायांच्या उठावाची वार्ता कळली. तरी ते परतले नाहींत. १८५८ च्या वसंतांत सर ह्यू रोझच्या फौजेनें झांशीला वेढा घालून शहर घेतलें, तेव्हां हे दोघे आंतच होते. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें, पुन्हा मिळालें, पुन्हा गेलें. घरीं ऋण, समोर मृत्यु, आणि वाट परमुलखाची! अशा मनांत स्मृति टिकते तरी कशी, हा प्रश्न ‘माझा प्रवास’ वाचतांना उभा राहतो.

ती सरसकट टिकत नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. विष्णुभटांच्या तारखा ठिकठिकाणीं चुकतात. मात्र जें डोळ्यांसमोर घडलें तें लखलखीत आहे. झांशीच्या लुटींतही क्रम होता, सोनेंनाणें आधीं आणि भांडीं, कपडे, धान्य मागाहून, हें त्यांच्या ध्यानांतून गेलें नाहीं. काल्पीच्या वाटेवर पठाणी वेषांतील राणी विहिरीपाशीं भेटते. पाणी काढावयास पुढें झालेल्या भिक्षुकाला थांबवून ती स्वतः मडक्यानें पाणी काढते आणि ओंजळीनें पिते. भीतीनें मनाची दृष्टि संकोचते खरी. पण त्या संकुचित वर्तुळांत जें सांपडतें तें खोल कोरलें जातें.

अर्वाचीन मानसशास्त्रानें ह्या प्रश्नाची दुसरी बाजू तपासली आहे. १९८६ सालीं इंग्लंडांतील विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनीं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा विशिष्ट प्रसंग आठवावयास सांगितलें. अनेकांना प्रसंग आठवेना. मोघम विधानेंच त्यांच्या तोंडीं येत. पुढील संशोधनांत असेंही दिसलें कीं, ज्यांची स्मृति मोघम त्यांना रोजच्या अडचणींवर उपायही नीट सुचत नाहींत. कारण सोपें आहे. “नेहमीं असेंच होतें” एवढेंच ज्याला आठवतें, त्याला मागच्या वेळीं कोणत्या दारानें सुटका झाली तें कळणार कसें? हा संबंध खिन्नतेच्या विकारांत अधिक स्पष्ट दिसतो. निव्वळ चिंतेच्या बाबतींत तो तितका निर्विवाद नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

भिक्षुकीचा धंदा मोघमपणावर चालत नाहीं. कोणतें कर्म, कोणता यजमान, किती दक्षिणा, याचा हिशेब मनांत पक्का असावा लागतो. ही संवय विष्णुभटांच्या उपयोगी पडली असावी. लुटले गेल्यावर त्यांनीं प्रत्येक वेळीं आपल्या विद्येचाच आधार घेतला आणि अखेर मातापितरांसाठीं गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस परतले. कर्जफेडीची आशा मात्र बव्हंशीं वाटेंतच राहिली.

एक चिंता त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाहीं. सरकारची भीति होती. म्हणून आपल्या मरणापूर्वीं हकीकत छापूं नये, असें त्यांनीं वैद्यांना बजावलें होतें. वैद्यांनीं तें पाळलें. १९०७ सालीं पुस्तक निघालें तें त्यांच्या कात्रीखालून आणि संस्कारांतून गेलेलें. विष्णुभटांचा मूळ लेख पुढें दत्तो वामन पोतदारांच्या संपादनानें १९६६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्या भिक्षुकाची भाषा व त्याची स्मृति, चुकांसकट, वाचकांच्या हातीं आली.