शीट पाइलचे जुने छेद

कडांवरील सांध्यांनी एकमेकांत अडकवून जमिनीत ओळीने ठोकलेल्या लांब पोलादी पट्ट्यांना शीट पाइल म्हणतात. धक्के, गोद्या व नदीकाठ येथील अशा पट्ट्यांच्या भिंती मागील मातीचा व पाण्याचा दाब पेलतात. भिंतीपुढील तळ खोल करावयाचा किंवा तिच्यामागे अधिक भार ठेवावयाचा झाल्यास तिचे मूळ बळ आधी ठरवावे लागते. आराखडे पुष्कळदा गहाळ झालेले असतात आणि वापरलेला छेद लाटणे कारखान्यांनी केव्हाच बंद केलेले असते. अशा वेळी छेद भिंतीवरूनच ओळखावा लागतो. चुकीची ओळख भिंत पुढे कलण्यास कारण होऊ शकते.

ब्रेमेन येथील सरकारी अभियंते ट्रिग्वे लार्सेन यांनी पन्हळीसारखे (यू आकाराचे) पाइल १९०२ मध्ये प्रथम ठोकले. त्यांच्या एका कडेचा आकडा रिव्हेटांनी जोडलेला असे. आकडे पाइलाबरोबरच लाटलेले लार्सेन छेद १९१४ पासून निघू लागले. त्यामुळे कडेला रिव्हेटांची ओळ दिसणारी लार्सेन भिंत बहुधा पहिल्या महायुद्धापूर्वीच्या घडणीची असते. अमेरिकेत लॅकावाना कंपनीचे सपाट छेद प्रसिद्धीस आले. हॅवाना बंदरात १८९८ मध्ये बुडालेली ‘मेन’ ही युद्धनौका वर काढण्याच्या कामात (१९१०–१२) तिच्याभोवती अशा पाइलांचे २० गोलाकार कप्पे उभारले होते. सपाट छेद ताण उत्तम घेतो, परंतु वाकण्यास फारसा विरोध करीत नाही. ब्रिटनमधील फ्रॉडिंगहॅम व अमेरिकेतील पीझेड हे झेड आकाराचे छेद होत.

ओळखीचा आरंभ सांध्यापासून करणे इष्ट. यू छेदांत सांधे भिंतीच्या मध्यरेषेवर येतात, तर झेड छेदांत ते बाहेरील तोंडांवर असतात. त्यानंतर रुंदी पाहतात. ठोकताना पाइल किंचित ताणले वा दबले जात असल्याने दहा पाइलांचे अंतर मोजून सरासरी काढतात. जुन्या लार्सेनची रुंदी ४०० मिमी., फ्रॉडिंगहॅमच्या बऱ्याच छेदांची ४८३ मिमी. (१९ इंच) आणि पीझेड-२७ ची ४५७ मिमी. (१८ इंच) आहे. मात्र रुंदी केवळ कूळ सांगते. लार्सेन क्र. ३ व क्र. ४ या दोहोंची रुंदी ४०० मिमी.च आहे, भिंतीची जाडी, म्हणजे पन्हळीच्या दोन्ही बाहेरील तोंडांमधील अंतर, अनुक्रमे २४७ व ३१० मिमी. असते. क्र. ३ चा छेदगुणांक (वाकण्यास होणाऱ्या विरोधाचे माप) भिंतीच्या दर मीटरास सु. १,३६० घ. सेंमी., तर क्र. ४ चा २,००० हून अधिक आहे. एवढ्या फरकाने हिशेब कोलमडतो. पत्र्याची जाडी मात्र फसवी असते, कारण गंजाने ती घटलेली असते. मूळ जाडी काँक्रीटच्या शिरतुळईत झाकलेल्या माथ्यापाशी मिळण्याचा संभव अधिक.

भारतीय मानक २३१४ मधील नावे या दृष्टीने सोयीची आहेत : १६२५ यू किंवा १०२१ झेड यांतील अंक छेदगुणांकच दर्शवितो. तथापि तोही कोऱ्या पोलादाचा होय. नवी मुंबईतील दिवाळ्यासारख्या खाडीकाठी, जेथे उधाणाला भरती व ओहोटी यांतील अंतर ४ मी.हून अधिक होऊ शकते, पोलादाचा मोठा पट्टा दिवसातून दोनदा ओला व कोरडा होतो. सर्वांत नीच ओहोटीच्या रेषेलगत गंज विशेष वेगाने वाढू शकतो, म्हणून तेथील उरलेली जाडी श्राव्यातीत ध्वनियंत्राने स्वतंत्रपणे मोजतात. जुन्या पोलादात गंधक व फॉस्फरस अधिक असू शकतात. डागडुजीसाठी वितळजोड करण्यापूर्वी कमी ताणाच्या जागेचा तुकडा कापून त्याचे रासायनिक परीक्षण करतात.